आमच्या गोलावर पांढरा हात मारणाऱ्या साहेबांस खुले पत्र

प्रति,
मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचे मा. प्रमुख अधिकारी,
नागपूर

महोदय,

कार्यालयाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. साहेब बदलतात, खाती बदलतात, भिंती मात्र सगळीकडे सारख्याच पुसल्या जातात. पत्र आपल्यालाच आहे हे तुम्हाला कळेल, आणि इंदोरा वस्तीकडच्या पोट्ट्यांनाही कळेल. तेवढं पुरे.

गेल्या महिन्यात पाहुणे येणार म्हणून तुमच्या ठेकेदाराने आमच्या फुटबॉल मैदानाच्या आतल्या भिंतीवर, आम्ही काढलेल्या चित्रांवरून, पांढरा डिस्टेंपर फिरवला. त्यावर लोखंडी चौकटी ठोकल्या, चौकटींवर फ्लेक्स ताणले. पाहुण्यांच्या गाड्या रस्त्याने सरळ निघून गेल्या, मैदानाकडे कुणी मान वळवली नाही. फ्लेक्स मात्र राहिले. एका फ्लेक्सवर फुटबॉलपटू आहे, आणि त्याच्या पायाखाली चांगल्या वीतभर अक्षरांत सूचना आहे: ‘चित्रावर चेंडू मारू नये.’

फुटबॉलच्या मैदानात, फुटबॉलच्या चित्राखाली! मी शाळेत चित्रकला शिकवतो. इतकं नेमकं व्यंगचित्र माझ्या हातून आजवर उतरलेलं नाही.

तुमच्या कार्यालयात चौकशीला गेलो तेव्हा कळलं की फाइलीत त्या भिंतीची नोंद ‘जुने रंगकाम’ एवढीच आहे. म्हणून आधी त्या जुन्या रंगकामात काय होतं ते सांगतो.

पूर्वेच्या टोकाला १९४८ चा भारतीय संघ होता. लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळलेला, बहुतेक जण अनवाणी. दोन पेनल्ट्या वाया गेल्या आणि सामना २-१ ने हातचा गेला. कर्णधार टालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतून आलेले, पुढे डॉक्टर झाले. चेहरे काढायला आमच्याकडे धड फोटो नव्हते, म्हणून मुलांनी चेहरे लहान केले आणि पाय मोठे. अकरा जणांचे बावीस पाय, प्रत्येक अंगठ्याचं नख निराळं. एका अंगठ्याला ठेच लागून काळंनिळं झालेलं नखही होतं. ते कुणी काढलं हे मला माहीत आहे, कारण त्या पोट्ट्याच्या स्वतःच्या अंगठ्याची तेव्हा तीच अवस्था होती.

त्याच्या शेजारी नेव्हिल डिसूझा. १९५६, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल, सामना ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेला माणूस, पण भिंतीवर येण्याआधी आमच्या शाळेत त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

आणि मधोमध गोल. गोलात पिवळी मारबत.

नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं जुनी माणसं सांगतात. सोबत बडगे असतात, वर्षभरात ज्याचा राग आला त्याचे पुतळे. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर रस्त्यावर येतं. आमच्या भिंतीवरची मारबत मूर्तिकारांच्या चितारओळीत हात बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने रेखली. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारलं, ते हसले आणि हो म्हणाले. दोन्ही हात पसरून ती गोलात बसली होती, तिच्या अंगावरून खणांच्या रेघा गेल्या होत्या. समोरच्या संघाचा फटका बारवरून गेला की पोट्टे ओरडायचे, ‘घेऊन जा गे मारबत!’

तो गोल खऱ्या मापाचा होता, साहेब. ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. नऊ खण, खणांत आकडे, वरचे दोन कोपरे लाल. कोच ‘सात’ म्हणाले की चेंडू सातात जायला हवा. उन्हाळ्यात, नवतपात तर उजाडताच, आणि पावसाळ्यात चिखल असेल तेव्हा कधीही. चिखलाच्या दिवसांत प्रत्येक फटक्याचा गोल ठसा भिंतीवर राहायचा. सराव संपला की कोच ते ठसे वाचायचे: याचा फटका नेहमी डावीकडे वळतो, हिचा चेंडू बारच्या वर जातो म्हणजे धड मागे झुकतंय. वरचे लाल कोपरे स्वच्छ राहिले की चिडायचे. मग कुणीतरी बादलीभर पाणी मारायचं आणि भिंत पुन्हा कामाला तयार.

चित्र बघायचं की त्यावर खेळायचं, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडला नव्हता.

पश्चिमेच्या टोकाला आमच्या वस्तीतल्या मुली होत्या. त्यातली गोलकीपर पुढे जिल्ह्याकडून खेळली. तिचा हातमोजा आम्ही होता तसा, उसवलेला काढला होता. तिची आई भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मास्तर, लोकायसमोर जाताना शिवूनच देतो ना मी.’ मोजा शिवलेला काढला. टाके लाल दोऱ्याचे, कारण घरी लाल दोरा होता.

हे सगळं तुम्ही पुसलंत. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण एका मास्तराला याचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो.

आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. स्मरणचित्रात खेळाचा प्रसंग काढायला दिला की अख्खा वर्ग एकच चित्र काढायचा: एक पाय उचललेला, चेंडू त्याच्या पुढे वीतभर, दोन्ही हात अंगाला चिकटलेले. रोज संध्याकाळी खेळणारी पोरंसुद्धा हेच काढायची. अंगाला येतं ते कागदावर येत नव्हतं. मग मी त्यांना मैदानाच्या कडेला बसवू लागलो, पेन्सिल देऊन आणि खोडरबर काढून घेऊन. उजव्या पायाने फटका मारताना डावा हात बाहेर फेकला जातो. टेकलेला पाय गुडघ्यात किंचित वाकतो. डोकं चेंडूवर येतं. हे एकदा डोळ्याला सापडलं की रेघ आपोआप सैल होते. उलट्या बाजूचा फायदाही झाला. आमच्या कोचांचं निरीक्षण असं की चित्र काढणारी मुलं पास देण्याआधी मान वर करून बघतात. मी चित्रकलेवरचं इतकं चांगलं मत शिक्षण खात्यातल्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि हे वेड काही आमच्याच मोहल्ल्याचं नाही. उम्बेर्तो बोच्चोनी या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्ये फुटबॉलपटूची गती रंगवली. ते चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्यात माणूस शोधावा लागतो, धाव आधी दिसते. २६ मार्च १९५२ ला पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानात दिव्यांच्या उजेडात फ्रान्स आणि स्वीडन खेळले. निकोला द स्ताल हा चित्रकार प्रेक्षकांत होता. तो सामना पाहून पेटला तो रंगवतच सुटला. आधी लहान लहान चित्रं, मग साडेतीन मीटर लांबीचा एक प्रचंड कॅनव्हास, सगळे रंगांचे थापलेले चौकोन. मी तो मुलांना मोबाइलवर दाखवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, याच्यात ऑफसाइड कोन आहे?’ मला उत्तर देता आलं नाही, पण तो पोट्टा चित्र बरोबर बघत होता.

तुमच्यासारख्या कार्यालयांनी मुद्दाम बघावं असं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने १९५३ मध्ये स्वतः चित्रांची स्पर्धा आणि प्रदर्शन भरवलं. होय, फुटबॉलच्या कार्यालयाने. त्यात एल. एस. लॉरी यांच्या ‘गोइंग टू द मॅच’ला बक्षीस मिळालं. चित्रात कुणी खेळताना दिसत नाही. बोल्टनच्या बर्नडन पार्ककडे वाकून निघालेली गर्दी आहे, मागे कारखान्यांच्या चिमण्या. १९९९ मध्ये फुटबॉलपटूंच्याच संघटनेने ते १९ लाख पौंडांना विकत घेतलं. २०२२ मध्ये ते लिलावात ७८ लाख पौंडांना गेलं आणि सॅलफर्डच्या सार्वजनिक कलादालनाने ते घेतलं, म्हणजे कुणालाही जाऊन बघता येतं. बर्नडन पार्क केव्हाच पाडलं गेलं. आमची भिंत लॉरीची आहे, असल्या भ्रमात मी नाही. पण त्या चित्रात जे आहे, मैदान आणि त्याच्याभोवतीचा गाव, ते आमच्या भिंतीवरही होतं.

भिंतीचंच बोलायचं तर इटलीतलं नेपल्स घ्या. १९९० मध्ये तिथल्या नापोली क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली तेव्हा मारियो फिलार्दी या तरुणाने दाटीच्या वस्तीतल्या एका इमारतीवर त्या संघाचा मॅराडोना रंगवला. पुढे कुणीतरी बरोबर त्याच्या तोंडावर खिडकी काढली. (असले लोक सगळीकडे असतात.) रंग विटला, पोपडे निघाले. २०१६ मध्ये त्याच मोहल्ल्यातल्या माणसाने पुढाकार घेऊन ते चित्र पुन्हा उभं केलं, आणि २०२० मध्ये मॅराडोना गेल्यापासून त्या चौकात लोकांची रीघ आहे. आपल्याकडे २०२२ च्या वर्ल्डकपला केरळात कोळिकोडजवळच्या पुळ्ळावूर गावाने नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे झाडाएवढे कटआउट उभे केले. आणि कोल्हापूर तर आपल्याच राज्यातलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचं फुटबॉल आणि आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची चित्रकला एकाच गावाची.

आता तक्रारी.

कुणी विचारलं नाही, ही पहिली. भिंत सरकारी आहे, मान्य. परवानगी लेखी नव्हती, हेही मान्य. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं आणि रंगवून झाल्यावर स्वतः येऊन नारळ फोडला होता. पण फाटकावर चार दिवस आधी एक कागद चिकटवायला काय लागतं? कोचांना, क्लबच्या मुलांना, समोरच्या चहावाल्याला सुद्धा पत्ता नव्हता. शनिवारी सरावाला गेलेली मुलं पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली आणि त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं.

दुसरी तक्रार तुम्ही लावलेल्या चित्राची. चित्रकलेचा मास्तर म्हणून ही मला गिळवत नाही. फ्लेक्सवरचा खेळाडू नेटवरून उचललेला आहे, परदेशी लीगच्या जर्सीतला, आणि त्याच्या मांडीवर फोटो विकणाऱ्या साइटचा पुसट शिक्का तिरका उमटलेला अजून दिसतो. म्हणजे पैसेही भरलेले नाहीत. आणि चेंडू! तो काळापांढरा चेंडू आपण सगळे ओळखतो, १९७० च्या वर्ल्डकपचा टेलस्टार, कृष्णधवल टीव्हीवर उठून दिसावा म्हणून तसा केलेला. त्यात १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन असतात. तुमच्या फ्लेक्सवर सगळे षटकोनच आहेत. नुसत्या षटकोनांचा चेंडू बनत नाही हो. ते न्हाणीघरातल्या फरशीसारखे सपाट पसरतात, गोल वळायला पंचकोन लागतातच. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्यांवर हीच चूक आहे. २०१७ मध्ये मॅट पार्कर या गणितज्ञाने सरकारकडे अर्ज केला, हजारो लोकांनी सह्या केल्या, आणि सरकारने पाटी बदलायला नकार दिला. तेव्हा तुम्ही एकटे नाही, एवढा दिलासा देतो. पण आमच्या सहावीतल्या मुलीने भिंतीवर चेंडू बरोबर काढला होता. तिने आधी खरा चेंडू मांडीवर घेऊन पंचकोन मोजले होते.

ज्या शहरात विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्लम सॉकर उभं केलं, ज्या शहराला खेटून कामठीसारखं फुटबॉलवेडं गाव आहे, तिथे मैदान सजवायला परदेशातल्या लीगचा चोरलेला फोटो लागावा?

सूचनेबद्दल वर लिहिलंच. तिचा परिणाम ऐका. चौकीदार आता मुलांना त्या भिंतीकडे फिरकू देत नाही, फ्लेक्स फाटला तर त्याचा पगार कापतील म्हणून. त्याचं चुकत नाही. मुलं विरुद्ध बाजूला सराव करतात, तिथे कुंपण बुटकं आहे, चेंडू रस्त्यावर जातो आणि त्याच्यामागे पोरगं जातं. चौकटींचे पत्रे खाली गुडघ्याच्या उंचीवर उघडे आहेत. दोघांचे पाय चिरलेत.

आणि पैशाचं. भिंत तुम्ही चौरस फुटाच्या दराने दिलीत, रंग असो की फ्लेक्स, दर क्षेत्रफळाचा. त्या दरात अंगठ्याचं नख बसत नाही. या शहरात चितारी आहेत, शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, आणि फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणारे कित्येक हात पुट्टी आणि प्रायमर मारायला लागलेत. त्यांच्यातल्या कुणालाही बोलावलं नाही. त्याच मैदानावर फक्कीला मात्र तुमच्याकडे पैसा नसतो. मैदान आखायला आम्ही वर्गणी काढून फक्की आणतो, खुंटीला सुतळी बांधून ९.१५ मीटरचं मधलं वर्तुळ फिरवतो, पेनल्टीचे ११ मीटर टेपने मोजतो. ही आखणी माझेच विद्यार्थी करतात. रेघ वाकडी गेली तर सामन्यात भांडण होतं, त्यामुळे माझ्या तासाला जी रेघ कधी सरळ येत नाही ती तिथे येते.

एक गोष्ट कायद्याची, धमकी म्हणून नव्हे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं. त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की उरलेलं शिल्प त्यांना परत करा आणि ५ लाख रुपये भरपाई द्या. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, काम विकल्यावरही त्याच्या मोडतोडीविरुद्ध कलाकाराला हक्क देणारं. कोर्टाची पायरी चढायला आमच्याकडे पैसा नाही आणि उसंत तर त्याहून नाही. पण ‘सरकारी भिंत, आम्ही काहीही करू’ हे वाक्य पुढच्या वेळी उच्चारण्याआधी तो निकाल कुणाकडून तरी वाचून घ्या.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

आतल्या भिंतीवरचे सगळे फ्लेक्स आणि चौकटी काढा, स्क्रूची भोकं बुजवा. ‘चेंडू मारू नये’ ही सूचना तर आजच उतरवा, त्याला निविदा लागत नाही.

भिंत धुवायची लेखी परवानगी द्या. तुमच्या ठेकेदाराने लावलाय तो स्वस्तातला सुका डिस्टेंपर, पाण्याने निघणारा. खालचा आमचा रंग बाहेरच्या भिंतींचा इमल्शन आहे, तो पाण्याला दाद देत नाही. पहिल्याच झडीत पूर्वेकडचा पांढरा रंग ओघळलाय आणि १९४८ च्या संघाचे चार-पाच पाय दिसायला लागलेत. ठेकेदाराचं काम टिकाऊ नाही याचा कुणाला आनंद होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. आम्हाला एक पाण्याचा टँकर आणि दोन दिवस परांची हवी. मजुरी आमची, स्पंज आमचे.

गोलाची भिंत सरावासाठी आहे असं मैदानाच्या नोंदवहीत लिहून घ्या, म्हणजे पुढचे साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

शहरातल्या कुठल्याही मैदानावरचं चित्र पुसायचं असेल तर ३० दिवस आधी फाटकावर नोटीस लावा, चित्राचे फोटो काढून ठेवा, ज्यांनी काढलं त्यांना बोलवा. नवं काढायचं असेल तर स्थानिक चितारी आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना द्या, मोबदला कामाचा द्या, क्षेत्रफळाचा नको, आणि खाली त्यांना सही करू द्या. उद्या कुणीही काहीही रंगवेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यासाठी खेळाडू, एक चित्रकार आणि तुमचा एक माणूस अशी तिघा-चौघांची समिती नेमा. नियम आम्हालाही हवाय.

आणि हंगामाला पुरेल एवढी फक्की.

हे पोळ्याच्या आधी व्हावं. नाही झालं तर पोट्ट्यांनी यंदाच्या बडग्याचा विषय ठरवून ठेवलाय, मी त्यांना अडवणार नाही. षटकोनांचा चेंडू कागदाच्या लगद्यातून कसा करायचा एवढंच त्यांचं माझ्याशी बोलणं सुरू आहे.

रविवारी सकाळी सहापासून आम्ही मैदानावर असतो. तुमचा माणूस परवानगीचा कागद घेऊन आला तर बाकी सामान, शिडी आणि चौकटींच्या मापाचा पाना, आमच्याकडे आहे.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
उत्तर नागपूर